हिरा कापत नाही, तरी नाव उमटते

प्रश्न : आमच्याकडे आजीच्या रुखवतातले पितळी डबे आहेत. त्यांवर भांडी बाजारातून ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून आणलेले आहे. भाचा अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने घरी संगणकावर चालणारे छोटे यंत्र जुळवले आणि हिऱ्याचे टोक लावलेले हत्यार स्वतःच बनवून एका झाकणावर नाव घालून दाखवले. पण हत्यार फिरत नाही, नुसते ओढले जाते. खाली चिमूटभरही भुकटी पडली नाही. मग धातू गेला कुठे? हे नाव घासण्यात टिकेल का? आणि स्टीलच्या ताटांवर घालता येईल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भुकटी पडली नाही, हे तुम्ही बरोबर टिपले. तुमच्या बाकीच्या शंकांची उत्तरेही त्यातूनच निघतात.

धातू कुठेच गेलेला नाही. हिऱ्याच्या शंकूसारख्या टोकाने तो फक्त बाजूला सारला. नांगराच्या तासाला दोन्हीकडून माती चढते, तशी या रेषेच्या दोन्ही काठांवर पितळेची अगदी बारीक वरंब उभी राहते. रेषेवर आडवे नख फिरवून पाहा. जी खरखर लागेल ती त्या वरंबेची. पितळ, तांबे, चांदी, ॲल्युमिनियम हे धातू दाबाखाली तुटत नाहीत, सरकतात. हेच टोक काचेवर ओढले असते तर भुकटी नक्की दिसली असती, कारण काच सरकत नाही, तिचे कण उडतात.

‘कोरणे’ म्हटले की काहीतरी खरवडून काढलेच पाहिजे, असा आपला समज असतो. सोनार त्याच्या कोरणीने खरोखरच धातूची बारीक साल काढतो. पण आजीच्या डब्यावर नाव घालणाऱ्याने काही काढले नव्हते. छिन्नी टेकवायची, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, पुढे सरकायचे; प्रत्येक ठोक्याला एक खळगा. पुढे विजेची पेन्सिल आली. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणून अशी साधी पेन्सिल सेकंदाला 100 ठोके मारते. भांड्यांच्या दुकानातला तो घर्रर्र आवाज याचाच. भाच्याचे हत्यार त्याच घराण्यातले म्हणायचे. फरक इतकाच की ते ठोकत नाही, दाबून ओढते. म्हणून ठिपक्यांऐवजी सलग रेषा मिळते.

आता ते फिरत का नाही? टोक नेमके मधोमध असेल तर फिरवून काहीच पदरात पडत नाही. ते केसभर जरी बाजूला असले तरी बारीक वर्तुळे काढत जाईल, रेषा जाडी आणि फरकटलेली येईल आणि हिऱ्याला बाजूने धक्के बसतील. हे धक्के वाईट. हिरा सगळ्यांत कठीण आहे म्हणजे तो फुटत नाही, असे अनेकांना वाटते. कठीण म्हणजे ज्यावर चरा पडत नाही तो. चिवट असणे वेगळे. हिरा ठरावीक पातळ्यांवर सहज चिरतो, म्हणूनच तर त्याला पैलू पाडायच्या आधी दुभंगता येते. तेव्हा भाच्याला सांगा, हत्यार फिरवणाऱ्या मोटारीची तार काढूनच ठेव, आणि टोक काठावरून घसरून खाली जाऊ देऊ नकोस.

घरी हत्यार बनवताना खरी कसोटी हिऱ्याची नसतेच. कारखान्यात सानेचा दगड सरळ करायला जो डायमंड ड्रेसर लागतो, त्यातला हिरा दागिन्यात कोणी बसवणार नाही असा असतो, पण कामाला पक्का. खुणा करायची हिऱ्याच्या टोकाची लेखणीही मिळते. फसगत होते ती काच कापायच्या कटरात. त्यात हिरकणी असेल असे धरून लोक तो मोडतात आणि बहुतेक वेळा आत एक इवलेसे धातूचे चाक निघते.

कसोटी असते ती स्प्रिंगची आणि नळीची. कोणतेही झाकण डोळ्यांना दिसते तितके सपाट नसते. टोक घट्ट बसवले तर उंचवट्यावर ते रुतते आणि खोलगटात हवेत राहते. मागे स्प्रिंग असली की ते वरखाली होते आणि दाब जवळपास सारखा राहतो. पितळेला बॉलपेनच्या स्प्रिंगचा जोरही पुरतो. मात्र हत्यार ज्या नळीत वरखाली सरकते ती सैल असेल तर प्रत्येक वळणावर टोक जरा मागे रेंगाळते. भाच्याने घातलेल्या नावातला एखादा गोल, जसा ‘व’चा, पाहा. तो जुळला नसेल तर दोष संगणकाचा नाही, नळीचा आहे.

देवनागरीची एक अडचण मात्र संगणकाकडूनच येते. संगणकावरचे अक्षर म्हणजे बाह्यरेषेने वेढलेला आकार. यंत्र ती बाह्यरेषाच गिरवते, म्हणून शिरोरेषा दुहेरी येते आणि अक्षरे पोकळ दिसतात. एकेरी रेषेच्या फॉन्टची सोय इंग्रजीला भरपूर आहे, मराठीला फारच कमी. अक्षराच्या मधून एक रेषा स्वतः आखून घेणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय.

टिकण्याचा प्रश्न मात्र महत्त्वाचा. टोकाचा कोन 90 अंशांचा असेल तर 0.1 मिलिमीटर रुंद रेषेची खोली निम्मी, म्हणजे 0.05 मिलिमीटर, कोन 120 अंशांचा असेल तर जेमतेम 0.03. आज जी झळाळी दिसते ती रेषेच्या गुळगुळीत उतारांची आणि त्या वरंबेची. घासण्यात वरंब आधी जाते. ड्रायपॉइंट पद्धतीने चित्रे छापणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक आहे. ते तांब्याच्या पत्र्यावर अशाच टोकाने चित्र ओढतात, शाई वरंबेत अडकून रेषेला मऊ काळेपणा येतो, पण थोड्याच प्रती काढल्या की वरंब दबते आणि ती मजा जाते. चित्रकार रेम्ब्रांटच्या पत्र्यांचेही तेच झाले.

चिंच-मिठाने धातू झिजतो तो अगदी किरकोळ. नाव बरीच वर्षे वाचता येईल. राखेने किंवा काथ्याने रोज घासलेत तर लवकर पुसट होईल, आणि दुकानात यंत्रावर पॉलिशला दिलेत तर एका फेरीतही जाऊ शकेल. आजीचे ठिपके टिकले ते खोल होते म्हणून. आपल्याच जिल्ह्यात वणीला राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा ताम्रपट मिळाला. त्या काळच्या दानपत्रांची अक्षरे छिन्नीने चांगली खोल कोरलेली असत. शिवाय अनेक ताम्रपटांच्या कडा मुद्दाम उंच ठेवलेल्या दिसतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासले तरी अक्षरांना धक्का लागू नये. झाकणावर नाव घालायचे तर त्याच्या खोलगट भागात घाला, ते याचसाठी.

डब्याच्या गोल अंगावर घालायचे असेल तर थोडे गणित करा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर 4 सेंटिमीटर लांबीचे नाव मांडले, तर दोन्ही टोकांचा पृष्ठभाग मध्यापेक्षा 4 मिलिमीटरहून थोडा अधिक खाली जातो. स्प्रिंगची धाव 2-3 मिलिमीटरची असेल तर पहिले आणि शेवटचे अक्षर उमटणारच नाही. नावाचे तुकडे करा आणि डबा फिरवून घ्या.

आणि स्टील. ‘लोखंडावर हिरा चालत नाही’ असे भाच्याने कारखान्यात ऐकले असेल. ते खरे आहे, पण वेगाने कापताना. तिथे टोक तापते आणि हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो. हळू ओढताना तेवढी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे ताटांवर खुशाल नाव घाला. फक्त स्टेनलेस स्टील दाबले की त्या जागी आणखी कडक होते. पितळेवर हलक्या हाताने दोन-तीनदा रेषा गिरवलेली चालते; स्टीलवर पहिल्याच फेरीत पुरेसा दाब द्या, कारण दुसऱ्या फेरीला तेच ताट जास्त हट्टी झालेले असेल. स्प्रिंगही त्यासाठी बॉलपेनची नको, जरा जाड तारेची बघा. मुलामा दिलेल्या भांड्यांना मात्र हात लावू नका. मुलामा रेषेच्या खोलीपेक्षा पातळ असतो आणि नावाच्या जागी आतला धातू उघडा पडतो.