समुद्रापासून दूर : घरगुती सागरी मत्स्यालयाचा काटकसरीने पुनरारंभ

जबलपूरहून मुंबईचा समुद्रकिनारा लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यात आले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. नेपियर टाउनमधील एखाद्या गृहस्थास घरच्या टाकीत सागरी मासे पाळावयाचे असतील, तर त्याला मात्र समुद्र घरीच तयार करावा लागतो. हे काम सर्वसाधारण समजुतीइतके अवघड नाही व तितके खर्चाचेही नाही. ते सावकाशीचे मात्र आहे, आणि या छंदातील बहुतेक नुकसान पैशाच्या अभावी न होता घाईमुळे होते.

समजा, अशा एका घरी पंधरा वर्षांपूर्वी शंभर लिटरची सागरी टाकी होती. मे महिन्यातील एका दुपारी वीज गेली, मासे दगावले, आणि टाकी माडीवर जाऊन पडली. आता घरातील मुले मोठी झाली आहेत व ती पुन्हा सुरू करावी असे सर्वांस वाटते. मात्र खर्च हात राखून करावयाचा आहे. जुन्या सामानापैकी काय उपयोगी पडेल, नवे काय घ्यावे लागेल व कशावाचून चालेल, हे ठरविण्यासाठी टाकीत घडणाऱ्या क्रिया समजून घेणे हाच स्वस्त मार्ग होय.

जुने सामान

काचेची टाकी बहुधा पुन्हा वापरता येते. ती अंगणात सपाट फळीवर ठेवून काठोकाठ गोड्या पाण्याने भरावी व तीनचार दिवस सांध्यांकडे लक्ष ठेवावे. शंभर लिटर पाण्याचेच वजन शंभर किलो होते. त्यात वाळू, खडक व काच यांची भर पडते. म्हणून ती शोभेच्या टेबलावर न ठेवता भक्कम चौकटीवर ठेवणे इष्ट.

जुनी वाळू व जुने खडक यांच्याविषयी अधिक सावध असावे लागते. पूर्वी माशांच्या रोगांवर तांबेयुक्त औषधे सर्रास वापरीत. तांबे चुनखडीच्या खडकांत व वाळूत मुरून राहते आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरते. मासे ते काही प्रमाणात सोसतात. कोळंबी, गोगलगाय यांसारखे अपृष्ठवंशी प्राणी मात्र अल्प तांब्यानेही मरतात. अशी औषधे वापरल्याचे आठवत असेल, तर वाळू व खडक टाकून द्यावेत. याच कारणाने टाकीसाठीचे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा पितळी घंगाळात साठवू नये. पिण्याच्या पाण्यासाठी चांगली असलेली ही चाल येथे घातक ठरते.

जुन्या टाकीत पांढऱ्या प्रवाळांचे सांगाडे असण्याचाही संभव आहे. समुद्रकाठच्या दुकानांतून असे सांगाडे एके काळी उघड विकले जात. भारतात 2001 साली भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला, व 2022 च्या सुधारणेनंतरही ते तेथेच आहेत. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांनाही 2001 साली असेच संरक्षण मिळाले. वाघाला लागू असलेली अनुसूचीच प्रवाळाला लागू आहे, ही गोष्ट अनेक जुन्या छांदिष्टांना ठाऊक नसते. सांगाडा निर्जीव आहे म्हणून तो कायद्याबाहेर जात नाही. तो विकू नये, कोणास भेट देऊ नये. त्याचे काय करावे हे वनखात्याच्या कार्यालयात विचारावे.

साहजिकच प्रश्न उद्भवतो, की प्रवाळ ठेवता येत नसतील तर या टाकीस प्रवाळभित्तीचे मत्स्यालय का म्हणावे? भित्ती म्हणजे केवळ प्रवाळ नव्हेत. खडकांच्या फटींतील सूक्ष्म जीव, शैवाल, कोळंबी, गोगलगाई व त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे मिळून तो संसार होतो. त्यातील बराचसा भाग घरी उभा करता येतो. शिवाय खर्चाच्या दृष्टीने यात लाभच आहे. कारण प्रखर दिवे, कॅल्शियम घालण्याची यंत्रे आणि पाणी थंड करणारे महाग यंत्र ही सर्व मुख्यतः प्रवाळांसाठीच लागतात.

यंत्रांवाचून झालेले प्रयोग

सागरी जीव घरात पाळण्याचा आरंभ यंत्रांनी झालेला नाही. 1846 साली ॲना थिन या इंग्रज महिलेने टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. पंप नव्हता, वीज नव्हती. उघड्या खिडकीपाशी बसून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून ते हवेशीर करण्यात येई. पुढे हे काम दासीकडे गेले. प्रवाळ जगले. 1961 साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तीत समुद्रातील सजीव खडक, सूर्यप्रकाश व हवेच्या बुडबुड्यांची एक मंद धार यांखेरीज फारसे काहीच नव्हते. जाकार्ताला समुद्र जवळ होता व जबलपूरला तो नाही, हा भेद विसरून चालणार नाही. तरीही पाण्याचे चलनवलन व जंतूंनी वसलेला सच्छिद्र खडक या दोन गोष्टी मुख्य असून बाकीची यंत्रे त्यांना साहाय्यभूत आहेत, एवढे यावरून स्पष्ट होते.

पाणी

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हे क्षार म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. शंभर भाग क्षारांत अदमासे 55 भाग क्लोराइड, 31 भाग सोडियम, 8 भाग सल्फेट व 4 भाग मॅग्नेशियम असते. कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक भागाहून थोडे अधिक असते. ‘चॅलेंजर’ जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरातून गोळा केलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. पाण्याचा खारेपणा कमीअधिक असला तरी मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच असते, हे त्यांनी 1884 साली दाखविले. समुद्रक्षारांचे तयार मिश्रण पिशवीत भरून विकता येते ते यामुळेच. येथे काटकसर करू नये. हलके मिश्रण घेऊन वाचलेले पैसे माशांच्या रूपाने जातात.

शंभर लिटर पाण्यास साडेतीन ते पावणेचार किलो मिश्रण लागते. 25 अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास यावे. जुने गुरुत्वमापक वापरण्यापूर्वी ते शुद्ध पाण्यात बुडवून पाहावे, ते 1.000 दाखवीत नसेल तर तितका फरक पुढे धरावा.

जबलपूर नगराला नर्मदेचे तसेच परियट व खंदारी जलाशयांचे पाणी मिळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन व कठीणपणा असतो, म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घेणे बरे. परंतु घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची योजना असते, तर काहींत तांबे सोडणारी नळी असते. पहिली बंद करावी. दुसरी असल्यास ते पाणी मुळीच घेऊ नये.

भेडाघाटचा संगमरवर टाकीत मांडण्याचा मोह जबलपूरकरास होणे स्वाभाविक आहे. तो खडकही अतिप्राचीन समुद्रतळावरील चुनखडीयुक्त थरांपासूनच बनलेला आहे. परंतु उष्णता व दाब यांनी तो घट्ट झाला असून त्यात छिद्रे उरलेली नाहीत. जंतूंना राहण्यास त्याचा पृष्ठभाग अपुरा पडतो, व टाकीच्या अल्कधर्मी पाण्यात तो विरघळून कॅल्शियमही पुरवीत नाही. हलका, सच्छिद्र, कोरडा चुनखडीचा खडकच घ्यावा.

न दिसणारे रहिवासी

माशांच्या उत्सर्जनातून व सडणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो. एका प्रकारचे जंतू त्याचे नायट्राइट करतात व दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच, व त्यांची वाढ मंद असते.

गोड्या पाण्याचे मासे पाळलेला मनुष्य येथे हमखास फसतो. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या अल्कधर्मीपणावर अवलंबून असतो. 25 अंशांना उदासीन पाण्यात एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो; समुद्राच्या पाण्यात, म्हणजे पीएच 8.2 ला, हे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवर जाते. जी चूक गोड्या टाकीत खपून गेली असती, ती येथे दहापटीहून अधिक महाग पडते.

म्हणून खारे पाणी, वाळू व खडक घालून, पंप सुरू करून टाकी माशांवाचून चार ते सहा आठवडे चालवावी. जंतूंच्या पोषणासाठी कोळंबीचा लहान तुकडा जाळीत बांधून सोडतात. शाकाहारी घरात माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूट रोज टाकली तरी काम होते. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतील मूठभर वाळू मिळाल्यास काळ कमी होतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकल्याचे तपासणीच्या संचाने दिसल्याशिवाय मासा आणू नये. रिकामी टाकी दीड महिना पाहत बसणे मुलांना जड जाते. त्यांच्याकडून रोजचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. आधी अमोनियाची चढण, मग तिची उतरण व तिच्यामागून नायट्राइटची चढण असा आलेख कागदावर उमटताना दिसतो.

उरलेला नायट्रेट पाणी बदलून काढावा लागतो. आठवड्यास त्यात दर लिटरमागे 2 मिलिग्रॅमची भर पडत असेल व दर आठवड्यास दहावा भाग पाणी बदलले, तर नायट्रेट 20 मिलिग्रॅमच्या वर जात नाही. कारण त्या पातळीला बाहेर जाणारा दहावा भाग आत येणाऱ्या दोहोंइतकाच असतो. मासे दुप्पट केले तर ही मर्यादाही दुप्पट होते. दहा लिटरच्या बदलास वर्षाकाठी सुमारे 19 किलो मिश्रण लागते. हा हिशोब आधी मांडावा, कारण पुनरारंभाच्या खर्चापेक्षा हाच खर्च कायमचा आहे. कौलर्पासारखे सागरी शैवाल वाढवून ते वेळोवेळी छाटून बाहेर टाकल्यास नायट्रेटचा काही भाग त्याबरोबर फुकट निघून जातो.

मे महिना

भित्तीवरील बहुतेक माशांना 24 ते 27 अंश तपमान मानवते. जबलपूरला मे महिन्यात दुपारचे तपमान 40 अंशांच्या वर जाते. थंड करणारे यंत्र घेणे परवडत नसेल, तर कूलरच्या तत्त्वाचा उपयोग करावा. पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडला, की बाष्पीभवन वाढते. एक लिटर पाण्याची वाफ होताना शंभर लिटर पाणी पाचसहा अंशांनी उतरविण्याइतकी उष्णता खर्च होते. खोलीतून उष्णता सतत येत असल्याने प्रत्यक्षात तपमान दोनचार अंशच उतरते. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. कोरड्या वैशाखात ही युक्ती चांगली चालते. पावसाळ्यात दमट हवेमुळे ती दुबळी पडते, पण तेव्हा उष्माही ओसरलेला असतो.

पंख्यामुळे पाण्याची पातळी घटते. वाफ होते ती केवळ पाण्याची; क्षार मागे राहतात. दिवसाला दोन लिटर पाणी गेले व पाच दिवस लक्ष दिले नाही, तर 35 ग्रॅमचा खारेपणा 39 ग्रॅमवर जातो. म्हणून घट रोजच्या रोज गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने कधीही नव्हे.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मासे बहुधा उष्णतेने न मरता गुदमरून मेले असावेत. 25 अंशांना गोड्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; समुद्राच्या पाण्यात 6.8 मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आणि 30 अंशांना त्याहूनही कमी. पंप थांबताच हा लहानसा साठा संपू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हे या सर्व यादीतील सर्वांत स्वस्त व सर्वांत आवश्यक उपकरण आहे. तो पहिला मासा येण्यापूर्वी घरात असावा.

रहिवाशांची निवड

शंभर लिटरच्या टाकीत दोन, फार तर तीन लहान मासे पुरेत. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा प्रजननकेंद्रातील मासे घ्यावेत. ते टाकीतच जन्मलेले असल्याने कोरडे खाद्य खातात व भित्तीवरील साठाही कमी होत नाही. विदूषक माशाच्या अनेक जातींचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने साधले आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाने शोभिवंत सागरी माशांचे बीजकेंद्र उभारले आहे, तर लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबी वाढविण्याचे काम स्थानिक महिलांच्या साहाय्याने चालले आहे. विकत घेताना मासा कोठला, हे विचारण्यास संकोच करू नये.

जिवंत प्रवाळ पाहावयाचे असतील, तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले. टाकीतील बचत त्या प्रवासाकडे वळविता येईल.

विदूषक माशांची जोडी आणताना दोन लहान मासे घ्यावेत. हे मासे प्रथम सर्वच नर असतात. दोघांपैकी जो वरचढ ठरतो तो वाढून मादी बनतो व दुसरा नर राहतो. टाकीत समुद्रफूल नसले तरी ते एखादा खडक किंवा पंपाचा कोपरा आपला मानतात. पुढे अंडी घातली, तर ती तिथेच, खडकाच्या साफ केलेल्या पृष्ठभागावर दिसतील, आणि नर पंखांनी त्यांना वारा घालीत असेल.