स्पार्क कुठे अडला? जुन्या पेट्रोल ट्रकची तपासणी



ऊस वाहणारे बहुतेक ट्रक व ट्रॅक्टर डिझेलवर चालतात; त्यांना स्पार्क लागतच नाही. परंतु ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल जीप किंवा जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेली, लष्कराने लिलावात काढलेली निस्सान एकटनी गाडी आहे, त्यांच्यासाठी हा धडा. आमगाव-सालेकसाच्या आडरस्त्यावर मेकॅनिक लवकर मिळत नाही. इकडे तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरही उतरते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही, अशा वेळी लगेच नवी कॉइल आणायला धावू नका. क्रमाने बघा. आधी विडी विझवा, सांडलेले पेट्रोल पुसा, गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा.

1) बॅटरी : हॉर्न व दिवे जोरात आहेत ना? टर्मिनल घासून घट्ट करा.

2) मधली वायर : डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून कॉइलची जाड वायर काढा. रबरी मुठीच्या कोरड्या पक्कडीत धरून तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवा व सेल्फ मारायला सांगा. निळा, कडकडणारा स्पार्क आला तर कॉइल ठीक. दोष पुढे, म्हणजे कॅप, रोटर, प्लग किंवा त्यांच्या वायरीत. थंडीत पहाटेचे दव कॅपमध्ये उतरते. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसा. काळी रेघ अथवा तडा दिसल्यास ती बदला.

3) स्पार्क नसेल तर : टेस्ट लॅम्प घ्या, बॅटरी जितक्या व्होल्टची, बल्बही तितक्याच व्होल्टचा हवा. एक टोक चेसिसला, दुसरे कॉइलच्या स्विचकडील टर्मिनलला लावून स्विच चालू करा. दिवा लागला नाही तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत.

4) आता दिवा कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे. सारखा पेटलेला राहिला, तर पॉइंट जुळत नाहीत; ते जळले किंवा मळले असतील. मुळीच पेटला नाही, तर त्या टर्मिनलवरील डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर सोडून पाहा. आता पेटला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर वा कंडेन्सर अर्थ झाला आहे. तरीही पेटला नाही, तर कॉइल आतून तुटली.

5) पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. फायबरची टाच झिजली की गॅप मिटते. तो फीलर गेजने माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवा. बहुधा 15 ते 20 थाऊ असतो.

6) दिवा लुकलुकतो, तरी स्पार्क नाही किंवा पिवळा, मरगळलेला आहे? आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त असतो. त्यानेही भागले नाही तरच कॉइल बदला.

इंजिन बंद असता स्विच चालू ठेवू नये; पॉइंट जुळलेले असल्यास कॉइल तापते, बॅटरी उतरते. पॉइंट सेट, कंडेन्सर, टेस्ट लॅम्प व फीलर गेज हंगामाआधीच टूलबॉक्समध्ये ठेवावे.