टर्बो गेला म्हणजे नेमकं काय गेलं?



नागपूरहून उमरेड, काटोल, सावनेर, रामटेककडे रोज शाळेला जाणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांकडे दहा-बारा वर्षं जुनी डिझेल गाडी आहे. बऱ्याच जणांनी ती सेकंडहँड घेतलेली. एक दिवस गाडी ओढेनाशी होते, मागून धूर निघतो, आणि गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो, "टर्बो गेला." नवीन टर्बोचा खर्च हजारांत नाही, कित्येक हजारांत असतो. जुन्या गाडीवर एवढा पैसा लावायचा की गाडीच विकायची, या विचारात घरातली झोप उडते. म्हणून आज हा विषय घेतलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की "टर्बो गेला" हे उत्तर आहे, आणि उत्तर लिहायच्या आधी उदाहरण सोडवावं लागतं.

आधी टर्बो करतो काय ते पाहू. पाचवीच्या मुलांना मी हे चुलीवरून सांगते. चूल पेटत नसली की आजी फुंकणी घेते. हवा जास्त गेली की जाळ होतो, कमी पडली की धूर. इंजिनचंही असंच. फक्त इथे फुंकणी फिरवायला वेगळी ताकद लागत नाही. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर एका भिंगरीला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी असते, आणि ती बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं आहे. मोटारीतला छोटा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगाला साधं बेअरिंग टिकत नाही, म्हणून तो दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडणार आहे. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड होऊन मग इंजिनात जाते. या सगळ्या वाटेत रबरी पाइप, क्लॅम्प आणि सेन्सर असतात.

आपल्याकडे यातलं सगळ्यात ओळखीचं इंजिन म्हणजे फियाटचं १२४८ सीसीचं, ज्याला आपण १.३ म्हणतो. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच. स्विफ्टमध्ये ते २००७ साली आलं. टाटाच्या गाड्यांसाठी ते आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक डिझेल स्विफ्ट आता जुनीच आहे.

एका मुलाने वर्गात विचारलं होतं, "मॅडम, मग धूर काळा काहून येते?" प्रश्न अगदी मेकॅनिकचा आहे. हवा मोजणारा सेन्सर पुढे, फिल्टरजवळ बसलेला असतो. त्याने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. पण मधला पाइप फाटला असेल तर मोजलेली हवा वाटेतच गळते. डिझेल पूर्ण, हवा अर्धी, आणि फुंकणी नसलेल्या चुलीसारखा काळा धूर. निळसर धूर निघाला तर मात्र तेल जळतंय असं समजा. म्हणून गॅरेजला जाताना "धूर येतो" एवढंच सांगू नका. रंग सांगा, केव्हा येतो ते सांगा, आवाज कसा आहे ते सांगा. फुस्स असा आवाज बहुधा गळतीचा असतो. वेगाबरोबर चढत जाणारी सायरनसारखी किंचाळी आली तर मात्र टर्बोकडेच संशय जातो.

तपासणीची सुरुवात स्वस्तातून करायची. पहिला नंबर एअर फिल्टरचा. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवरची धूळ किती, ते सांगायला नको. फिल्टर तुंबला की इंजिन गुदमरतं. नंतर टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचा प्रत्येक पाइप हाताने चाचपायचा, इंजिन थंड असताना. पाइप वरून चांगला दिसतो, चीर खालच्या बाजूला असते. जिथे गळती असते तिथे तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटलेली सापडते. गाडी धुऊन-पुसून गॅरेजला नेणारे लोक हा पुरावाच पुसून टाकतात! डाग सापडला नाही तर मेकॅनिकला त्या पाइपांत हलका दाब देऊन साबणाचं पाणी लावायला सांगा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसेच बुडबुडे दिसतात.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते ती जागा. पाइप काढला की आत तेल दिसतं. "हे बघा, टर्बो तेल फेकतोय," असं म्हणून ग्राहकाला दाखवलं जातं, आणि समोर तेल दिसल्यावर आपण काय बोलणार? पण इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ एका नळीतून याच वाटेत सोडलेली असते. जुन्या गाडीत त्या पाइपात तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. तेल साचून ओघळत असेल तर काळजी करा. तेव्हासुद्धा टर्बोतून तेल परत नेणारी नळी तुंबली आहे का, इंजिनच्या पोटात दाब वाढलाय का, हे आधी बघावं लागतं. बाहेर जायची वाट बंद असेल तर चांगला टर्बोही तेल गाळतो.

खरी परीक्षा बोटाने होते. थंड इंजिनवर हवेकडचा पाइप काढून भिंगरी फिरवून बघायची. ती अडखळता कामा नये, पाती शाबूत हवीत. दांडा वर-खाली किंचित हलला तर घाबरू नका, इंजिन बंद असताना तेलाचा थर नसतो म्हणून तो हलतो. पण पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, किंवा दांडा पुढे-मागे जाणवेल इतका सरकत असेल, तर मात्र टर्बो खरंच गेला.

आणखी एक प्रकार. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी एकदम मरगळते, दिवा लागतो, आणि बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत! तुटलेला दांडा चावी फिरवून जुळत नाही. इथे कॉम्प्युटरने इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कमी केलेली असते. अशा वेळी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. पी ०२९९ म्हणजे दाब कमी, पी ०२३४ म्हणजे दाब जास्त. कोड काय बिघडलं ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. कारण म्हणून बारीक रबरी नळी उन्हाने तडकलेली निघते, सोलेनॉइड किंवा प्रेशर सेन्सर काजळीने भरलेला निघतो, नाहीतर दाब आवरणारी यंत्रणा काजळीने अडकलेली असते. ९० हॉर्सपॉवरच्या १.३ मध्ये टर्बोच्या आत हलणारी पाती असतात. गाडी कायम शहरात हळू चालली तर ती चिकटतात. यातलं बरंच साफसफाईत सुटतं.

आता धोक्याची गोष्ट, घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळायला लागतं. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावी काढली तरी ते थांबत नाही, आवाज आणि पांढरा-निळा धूर वाढतच जातो. गिअरची गाडी असेल तर जागेवर थांबवा, ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडा. नाही जमलं तर मुलांना उतरवून सगळे लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात ठेवायला कुणीही जाऊ नये.

टर्बो बदलायचाच ठरला तर एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: जुना कशाने गेला? बहुतेकदा उत्तर तेलात असतं. जुनं घट्ट तेल, किंवा तेल आणणाऱ्या नळीत जमलेली काजळी. ती नळी तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. म्हणून तेल, ऑइल फिल्टर आणि ती नळी एकत्रच बदला. पाती तुटली असतील तर इंटरकूलर धुऊन धातूचे तुकडे काढणं आलंच. रिकंडिशन घेणार असाल तर मधला भाग यंत्रावर बॅलन्स केलाय का ते विचारा. दीड लाख फेऱ्यांना हाताचा अंदाज चालत नाही. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत तेल भरलं पाहिजे, आणि सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस न देता तसंच चालू द्यायचं. पुढे रोज, हायवेवरून आल्यावर शाळेच्या फाटकात मिनिटभर थांबून मग चावी काढा, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल करपणार नाही.

आणि जुना टर्बो एक्स्चेंजमध्ये दिला नसेल तर घरी आणा. रॉकेलने साफ करून, धारदार कडांना टेप लावून तो वर्गात ठेवा. एका टोकाची भिंगरी बोटाने फिरवली की दुसऱ्या टोकाची फिरते, हे बघायला माझ्या वर्गात दुपारच्या सुट्टीत रांग लागते.