मोटारीतील संपीडकाची परीक्षा

उन्हाळ्यात मोटारीतील हवा थंड होईनाशी झाली, की दोष बहुधा संपीडकावर, म्हणजेच कॉम्प्रेसरवर, ठेवला जातो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. संपीडक महाग असल्याने तो बदलण्यापूर्वी त्याची क्रमवार परीक्षा करणे हिताचे होय.

संपीडकाचे कार्य

थंडावा देणाऱ्या पदार्थास प्रशीतक म्हणतात. मोटारीच्या आतील नळ्यांत त्याची वाफ होते व तेव्हा तो भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. संपीडक ही वाफ ओढून दाबतो. त्यामुळे ती बाहेरच्या हवेहून अधिक तापते आणि पुढील भागातील संघनकात उष्णता टाकून पुन्हा द्रवरूप होते. इंजिनाच्या पट्ट्याने फिरणारी कप्पी व संपीडक यांस विद्युत्‌चुंबकीय क्लच जोडतो. १९४० सालच्या पॅकार्ड मोटारीत असा क्लच नव्हता. यंत्रणा बंद करण्यासाठी पट्टाच काढावा लागे.

परीक्षेचा क्रम

१. मोटार मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू करावे. वातानुकूलनाची कळ दाबताच ‘खट्’ असा आवाज होऊन कप्पीपुढील तबकडी फिरू लागली, तर क्लच ठीक आहे. काही नव्या संपीडकांत क्लच नसतो. त्यांस ही कसोटी लागू नाही.

२. क्लच जुळत नसेल, तर फ्यूज व १२ व्होल्टचा पुरवठा तपासावा. प्रशीतक कमी झाले असतानाही दाबकळ क्लचचा प्रवाह मुद्दाम तोडते. याचे कारण असे, की संपीडकाचे वंगण प्रशीतकाबरोबरच फिरते. प्रशीतक गळाले तर वंगणही अपुरे पडते. अशा वेळी दाबकळ वगळून संपीडक बळेच चालविल्यास चांगला संपीडकही जळून जातो.

३. क्लच सुटलेला असता घरघर येत असेल, तर कप्पीचे बेअरिंग झिजले असावे. क्लच जुळल्यावरच खडखड होत असेल, तर दोष संपीडकाच्या आत संभवतो. सांध्यांवर तेलकट डाग दिसणे ही गळतीची खूण होय.

४. शेवटची कसोटी दाबमापकांची. ती प्रशिक्षित कारागिराकडूनच करवून घ्यावी. इंजिन चालू असता दोन्ही बाजूंचे दाब कमी असल्यास बहुधा प्रशीतक अपुरे असते. दोन्ही जास्त असल्यास संघनक तुंबला आहे किंवा त्याचा पंखा थांबला आहे, असा संशय घ्यावा. खालच्या बाजूचा दाब जास्त आणि वरच्या बाजूचा कमी असेल, तर मात्र संपीडकाच्या आतील झडपा झिजल्या असण्याचा संभव मोठा.

सावधगिरी

प्रशीतकाच्या नळ्या स्वतः उघडू नयेत. बाहेर उसळणाऱ्या द्रवाने त्वचा व डोळे यांस हिमदाह होतो. शिवाय आर-१३४ए हे प्रशीतक शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडाच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडविते. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील संपीडकास उच्च व्होल्टचा पुरवठा असतो. तेथे हात लावणे प्राणावर बेतू शकते.

सारांश, थांबलेला संपीडक बिघडलेलाच असतो असे नाही. कित्येकदा तो राखण्यासाठीच त्यास थांबविलेले असते. ते कारण प्रथम शोधावे.