झोपेचीही पाळी लावा

पीथमपुरात रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाच्या झोपेला सगळं घर जपतं. पडदे ओढले जातात, टीव्ही बंद राहतो, धाकट्यांना शेजारी खेळायला धाडतात. त्याच घरात विद्यापीठाची परीक्षा आली, की मुलगी रात्री दीडपर्यंत जागते, पहाटे पाचला पुन्हा उठवली जाते आणि चार जणांत तिच्या जागरणाचं कौतुक होतं. पालकहो, मुलांचे गुण इथेच गळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि परीक्षेच्या महिन्यात ही गरज कमी होत नाही. रात्रीचे तीन तास कापून वाचलेलं पेपरात आठवत नसेल, तर ते तीन तास दोन्हीकडून गेले. संध्याकाळी सातनंतरचा चहाही बंद करा. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, म्हणजे मध्यरात्रीही त्यातलं निम्मं अंगात असतं.

मग वेळ पुरायचा कसा? अभ्यासाची रीत बदलून. आपली बहुतेक मुलं वाचतात, रेघा मारतात, पुन्हा वाचतात. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला सगळं आठवेल याची जास्त खात्री वाटत होती. ‘सगळं येत होतं हो, पेपरात सुचलंच नाही,’ असं मुलगा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. वाचताना ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं यांत फार अंतर आहे.

म्हणून एक प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. चुकलेलं पुस्तकात पाहून दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा, मग पंधरवड्याने. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. चाळीस-पन्नास मिनिटांनंतर उठून पाणी प्या, अंगणात फेरी मारा. मोबाईल त्या वेळात दुसऱ्या खोलीत असू द्या.

इथल्या मुलांच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली प्रवासाची. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरच्या विभागांत शिकणाऱ्यांचे दिवसातले दोन-अडीच तास बसमध्ये जातात. धक्के खात पुस्तक धरण्यापेक्षा डोळे मिटून कालच्या धड्यातले मुद्दे मनात क्रमाने आठवावेत. अडलेले तेवढे घरी आल्यावर पाहावेत. दुसरी अडचण कंपनीत काम करून स्वाध्यायी म्हणून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांची. त्यांनी रोजचं वेळापत्रक करूच नये, पाळीप्रमाणे आठवड्याचं करावं. रात्रपाळीच्या आठवड्यात नवं प्रकरण हाती घेऊ नये, जुन्याची उजळणी तेवढी करावी. नवं काही शिकायचं ते दिवसपाळीच्या आठवड्यात.

पवार-होळकरांच्या काळापासून माळव्यात असलेली आणि कारखान्यांबरोबर पुण्याकडून आलेली, अशा दोन्ही मराठी घरांत बोलणं मराठी, वर्गात हिंदी आणि बरीच पुस्तकं इंग्रजीत असतात. याचा उपयोग करून घ्या. वाचलेला भाग आजीला किंवा धाकट्या भावाला मराठीत समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे तो समजलेला नसतो, पाठ झालेला असतो. मग तोच भाग पेपरच्या भाषेत एकदा लिहा, कारण शेवटी गुण त्या भाषेतल्या उत्तराला मिळतात.

आई-बाबांनो, ‘किती झालं?’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. त्याने मुलं पानं मोजायला शिकतात. ‘आज काय न बघता लिहिलंस?’ असं विचारा, आणि लिहिलेलं दाखवलं तर खरंच बघा. दोन खोल्यांच्या घरात बाबांची पाळी आणि मुलीचा अभ्यास यांचा मेळ घालणं कठीण असतं, हे मला ठाऊक आहे. पण रविवारी सगळ्यांनी बसून पुढच्या आठवड्याचे तास ठरवले, त्यात तिची झोपही लिहिली, तर निम्मी भांडणं टळतात. शेजारच्या मुलाच्या पॅकेजची गोष्ट तर घरात नकोच.

एटीकेटी लागली म्हणजे करिअर संपलं, ही भीती पालकांना मुलांपेक्षा जास्त असते. विषय पुन्हा देता येतो. आजारपणात एखादं वर्ष गेलं तरी ते वाया गेलंच असं नाही. क्षयरोगामुळे १९४८ मध्ये कुमार गंधर्व जवळच्याच देवासला येऊन राहिले. काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात ते माळव्याची लोकगीतं ऐकत, त्यांचा अभ्यास करत राहिले, आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती उतरली.

मात्र काही लक्षणं अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नयेत. दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं, मित्रांशी बोलणं तुटलेलं, सारखं रडू येणं, ‘मी तुमच्यावर ओझं आहे’ अशी भाषा. अशा वेळी रागावू नका, एकटं सोडू नका, थेट विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते. तिथे हिंदीत बोलता येतं, मराठीतही. पालकांनीही स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही.

आणि पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. घरी या, जेवा, तासभर झोपा, मग पुढच्या पेपरची प्रश्नपत्रिका काढा.