दुकानातील फिश टँक : पाणी का बिघडते?



कापडाच्या, चपलांच्या, घड्याळांच्या दुकानात काउंटरजवळ फिश टँक ठेवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. जरीपटक्यासारख्या बाजारात तिचा फायदाही होतो. घरची मंडळी कपडा पाहत असतात, मुले माशांत रमतात आणि सौदा निवांत होतो. टँकमध्ये जिवंत वनस्पती असतील तर शोभा आणखी वाढते. परंतु पाणी बिघडले की नेमके काय करावे हे बहुतेकांना माहीत नसते. आम्हालाही नव्हते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या टँकचे पाणी दुधासारखे पांढुरके झाले. ज्याच्याकडून मासे घेतले त्याने सल्ला दिला की सर्व पाणी काढा, गोटे धुवा, ताजे पाणी भरा. आम्ही तसेच केले. वर फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसखसून धुतला. पाणी काचेसारखे झाले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत अकरापैकी नऊ मासे मेले. मांजरीला उपाशी कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या रात्री आम्हाला तीच आठवत होती.

चूक आम्हाला नंतर कळली. खळ दिलेले कापड कडक आणि चकचकीत दिसते, पण पोत काय आहे ते पहिल्या धुण्यात कळते. पाण्याचेही तसेच आहे. ते स्वच्छ दिसते म्हणून माशांना मानवेल असे नाही.

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य व कुजलेली पाने यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच कमी घातक असते. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून ओढून घेतात. हे उपकारक जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि गोट्यांवर राहतात. आम्ही क्लोरीनच्या पाण्याने नेमके तेच धुऊन टाकले. पांढुरकेपणा हा तर पाण्यातील जिवाणूंच्या वाढीचा होता, थोडा धीर धरला असता तर काही दिवसांत आपोआप गेला असता. नव्या टँकमध्ये हे चक्र बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे ठेवावेत.

आता क्लोरीन. नागपूरच्या नळाला पेंच व कन्हानचे शुद्ध केलेले पाणी येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (2012) त्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसाच्या आरोग्यासाठी ते हवेच, पण माशांच्या कल्ल्यांना ते जाळते. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवावे. घाई असेल तर हायपो वापरावा. कापड ब्लीच केल्यावर उरलेले क्लोरीन मारण्यासाठी वापरतात तोच हा पदार्थ, रंगारी बांधवांना सांगणे नलगे. 100 लिटरला 1 ग्रॅम पुरे. टँकचे माप फुटांत घेऊन लांबी, रुंदी व पाण्याची उंची यांचा गुणाकार करा आणि त्यास 28 ने गुणा, म्हणजे लिटर निघतात.

बोअरचे पाणी क्लोरीनमुक्त असले तरी बहुधा जड असते. कुलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच क्षार टँकमध्येही साठतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून नुसती भर घालत राहू नये, दर आठवड्याला पाव भाग जुने पाणी काढून नवे घालावे. पाण्याचा पीएच 7 वरून 8 झाला तर तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग जवळपास दहापट होतो. तेव्हा नळाचे मासे एकाएकी बोअरच्या पाण्यात टाकणे म्हणजे दुहेरी मार!

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर प्रथम हवेचा पंप सुरू करावा आणि पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. मग टेस्ट किटने अमोनिया व नायट्राइट तपासावे. काही निघाल्यास एक-दोन दिवस खाद्य बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौथा हिस्सा. स्पंज घाण असेल तर काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळावा. काही मंडळी वनस्पतींसाठी चिमूटभर युरिया टाकतात. असे कदापि करू नये, त्याचाही अमोनियाच होतो.

नागपूरचा मे महिना वेगळा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना सुमारे 7. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे मासे पहाटे मरतात आणि दुकान उघडल्यावर कळते. झाकण काढून पाण्यावर लहान पंखा सोडल्यास पाणी दोन-तीन अंश उतरते. डासांचा स्प्रे मात्र त्या खोलीत मारू नये. त्यातील औषध माशांना फार घातक असते आणि हवेचा पंप ते थेट पाण्यात ओढतो.

रमजानची एक गोष्ट राहिली. ईदच्या खरेदीसाठी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राहते, टँकचा दिवाही सोळा-सोळा तास जळतो, आणि ईदला पाणी हिरवेगार! ते शेवाळ असते. औषधे ओतण्यापूर्वी दिवा सहा ते आठ तासांवर आणावा, खाद्य कमी करावे व काचेवर थेट ऊन येऊ देऊ नये. आम्ही पन्नाशी गाठलेली माणसे, दिवा बंद करायचे विसरतो. म्हणून टायमर लावला आहे. तो संध्याकाळी 4 ला दिवा लावतो आणि 11 ला विझवतो, दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो.