आधी इयत्ता, मग अर्ज



 

पदवीचा निकाल लागताच बी.एड.ला अर्ज करण्याचा मनोदय चिरंजीव भाचीने कळविला, त्याचा घरात सर्वांना मनापासून आनंद झाला आहे. तथापि कोणत्या महाविद्यालयात अर्ज करावा, हा तिने विचारलेला प्रश्न क्रमाने दुसरा आहे. कोणत्या इयत्तेसमोर उभे राहायचे, हा पहिला. भारतात शिक्षकाला डॉक्टर वा वकिलाप्रमाणे एका नोंदणीने मिळणारी स्वतंत्र सनद नसते. १९९३ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळालेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद इयत्तांच्या गटांप्रमाणे किमान अर्हता ठरवून देते, आणि ती अर्हता व, जेथे लागू असेल तेथे, शिक्षक पात्रता परीक्षा या दोहोंना मिळूनच व्यवहारात सनदेचे स्थान लाभते. म्हणून इयत्ता ठरल्यावाचून अभ्यासक्रम निवडणे हा उलटा क्रम होय.

याविषयी गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरांत एक समजूत अद्याप घट्ट आहे, ती अशी की बी.एड. ही वरची पदवी असल्याने ती हाती असणाऱ्यास खालच्या सर्व इयत्ता आपोआप खुल्या होतात. जून २०१८ मधील एका अधिसूचनेने काही काळ तसे घडले होते, हे खरे. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या अध्यापनासाठीची अर्हता ठरू शकत नाही, असा निर्णय दिला, कारण सहा वर्षांच्या बालकाला अक्षरओळख आणि संख्याज्ञान देणे हे वेगळे शास्त्र असून बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी रचलेला नाही. तेव्हा गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकविण्याची ओढ असेल, तर वाट डी.एल.एड. या दोन वर्षांच्या पदविकेची आहे, आणि तिची सोय पर्वरी येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत आहे. पदवीधराने बारावीनंतरची पदविका घेण्यात कमीपणा नाही. चार इयत्ता एका खोलीत बसवून, फळ्याचे भाग पाडून, एका गटाला पाढे लिहावयास देत दुसऱ्याला वाचन शिकविणाऱ्या एकशिक्षकी शाळेतील बाईंचे काम हे या व्यवसायातील सर्वांत अवघड काम आहे, आणि त्याला दुय्यम लेखणे हा सामाजिक अन्याय आहे.

माध्यमिक वर्ग निवडायचे ठरल्यास मात्र बी.एड. हाच मार्ग, आणि तेथे गोव्याची भाषिक परिस्थिती नीट समजून घेतल्याशिवाय अर्जाला अर्थ येत नाही. मुक्तीनंतर मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९९० मध्ये प्राथमिक स्तरावरील अनुदान प्रादेशिक भाषांतील शाळांपुरते ठेवण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले करण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठे आंदोलन उभे राहिले. या सर्व काळात माध्यमिक शिक्षण मात्र मुख्यतः इंग्रजीतूनच चालत राहिले. परिणामी चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पाचवीत एका सुट्टीनंतर इंग्रजी पुस्तकांपुढे येऊन बसते. त्याला अपूर्णांक येत असतो, अंश वरचा आणि छेद खालचा हे ठाऊक असते, समच्छेद करून बेरीजही ते बिनचूक करते. परंतु फळ्यावर ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ असे लिहिलेले पाहिल्यावर ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यालाच गणित कच्चे असल्याचा शिक्का बसतो. येथे कच्चे असते ते शिक्षकाचे निदान. ज्या शिक्षिकेला दोन्ही संज्ञा येतात आणि पहिले काही आठवडे त्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्याचे भान असते, तिच्या वर्गात हे मूल महिन्याभरात बोलू लागते.

विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयातून किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलींना आपले मराठी शिक्षण हे अर्जातील उणे वाटते, असे वारंवार दिसते. ते तसे नाही, हे चिरंजीवीने पक्के धरावे. पाचवीतील ते मूल कोठे अडते हे तिला पुस्तकातून शिकावे लागणार नाही, आणि अध्यापनाच्या व्यवसायात याहून मोलाचे भांडवल थोडे असते. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माध्यमिक शाळेत मराठी हा एक विषय म्हणून शिकविला जातो, त्यामुळे केवळ मराठीच्या जागा मोजक्याच निघतात. सबब अध्यापन पद्धतीचे विषय निवडताना, म्हणजे एखादा शालेय विषय कसा शिकवावा याचा विशेष अभ्यास करण्यासाठी जे विषय घ्यावयाचे ते ठरविताना, मराठीच्या जोडीला इतिहासासह सामाजिक शास्त्रे घ्यावीत आणि ती इंग्रजीतून शिकविण्याची तयारी आजपासून करावी. अर्जासोबत निवेदन मागितले जावो वा न जावो, आपल्याला कोणती इयत्ता, कोणता विषय आणि का शिकवायचा आहे, याचे एक पान तिने लिहून काढावे. त्यात ‘लहानपणापासूनची आवड’ आणि ‘राष्ट्राची भावी पिढी’ यांना जागा देऊ नये, कारण ती वाक्ये प्रत्येक अर्जात असतात आणि त्यांतून लिहिणारा माणूस दिसत नाही. डिचोलीतील अनेक घरांत २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतर शिक्षकाची नोकरी म्हणजे स्थिर पगार, एवढाच विचार रूढ झाला. पोटाची चिंता मुळीच गैर नाही; तथापि ते पान लिहिताना पगाराखेरीज काहीच सुचले नाही, तर अर्ज एक वर्ष पुढे ढकलणे हिताचे.

संस्थांविषयी थोडक्यात असे : पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील निर्मला शिक्षण महाविद्यालय १९६३ पासून चालू आहे, फर्मागुढी येथे डॉ. दादा वैद्य यांच्या नावाचे शिक्षण महाविद्यालय आहे, आणि पर्वरीत विद्याप्रबोधिनी आहे. पेडण्याहून पर्वरी व पणजी म्हापसामार्गे तुलनेने सोयीची, तर फर्मागुढी रोजच्या प्रवासाला फार लांब पडते. पदवीला खुल्या गटासाठी किमान ५० टक्के गुण ही परिषदेची अट आहे. सावंतवाडीकडे जाण्याचा विचार असल्यास महाराष्ट्राची वेगळी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे लक्षात असावे. ‘नाव नोंदवा, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगणाऱ्या सीमेपलीकडील मध्यस्थांना मात्र दारातूनच परत पाठवावे. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्गकार्यासाठी ८० टक्के व आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. आंतरवासिता म्हणजे छात्राध्यापकाने प्रत्यक्ष शाळेत राहून पाठ घेणे, वह्या तपासणे, पालकसभेला बसणे आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शाळेचा सगळा संसार पाहणे; तिचे वीस आठवडे हेच बी.एड.चे खरे शिक्षण होय. ते कागदोपत्री उरकणारा स्वतःला फसवितोच, पण पुढे त्याच्या हाती पडणाऱ्या मुलांना अधिक फसवितो.

सहावी ते आठवीसाठी बी.एड.च्या जोडीला पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० प्रश्न, १५० मिनिटे आणि उत्तीर्णतेसाठी ६० टक्के गुण असे केंद्रीय परीक्षेचे स्वरूप असून तीत भाषा म्हणून मराठी निवडता येते, आणि प्रमाणपत्र आता आजन्म ग्राह्य असते. म्हणून तिची तयारी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करावी. पदव्युत्तर शिक्षण आधी घेऊन नंतर एका वर्षाचे बी.एड. करण्याची कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. परंतु त्या आशेवर आजचा अर्ज थांबवू नये.

राहता राहिले कागद. निवासाचा व, लागू असल्यास, जातीचा दाखला सरकारी कचेरीतून काढण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी उरकावे, आणि गुणपत्रिकांवरील व दाखल्यांवरील नावाचे लेखन एकसारखे आहे की नाही हे अक्षर न् अक्षर पडताळावे. सरकारी भरतीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानण्याची अट सर्वत्र आढळते. कोकणी तर घरात बोलली जातेच, परंतु देवनागरीत ती शुद्ध लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो, तो चिरंजीवीने या सुट्टीत सुरू करावा. तसेच अर्ज देण्यापूर्वी गावच्या शाळेतील मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पाचवीच्या वर्गात आठवडाभर मागच्या बाकावर बसावे, आणि कोणते मूल कोणत्या शब्दाशी थांबते, एवढेच वहीत टिपावे. ते टिपण आणि वर सांगितलेले पान पाठविल्यास मामा दोन्ही वाचून खुणा करून परत पाठवील.